सुंठीचा सोमवार

श्रीरंगने मांजरीचं तोंड दोन बोटांत धरून वर केलं आणि वास घेतला. बांगडा. खात्री करायला त्याने पुन्हा नाक जवळ नेलं. बांगडाच, आणि कालवणातला.

आज सोमवार होता. सोमवारी या घरात मासळी शिजत नसे. ओट्याखालच्या बशीत सकाळी ठेवलेलं पनीर तसंच पडलं होतं, कडा सुकून पिवळ्या झाल्या होत्या. सुंठीने बशीकडे पाहिलंही नाही. ती पोट भरल्यासारखी पाय चाटत बसली.

त्याने तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. कोमट फडकं कानाच्या कडेला धरलं, सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आला, तीनशे अठरा. कालच्या रविवारी संध्याकाळी एकशे नव्वद होता. शनिवारी दोनशेच्या आत. मागच्या सोमवारी तीनशेच्या वर, त्याच्या मागच्या सोमवारीही.

फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची बाटली त्याने काढली, दोन तळव्यांमध्ये हळूहळू फिरवली. हलवायची नाही, फेस येतो, हे त्याच्या बायकोने, जयवंतीने सांगितलं होतं. दोन युनिट भरली, मानेमागची कातडी चिमटीत धरून दिली. सुंठी हललीसुद्धा नाही. तीन वर्षं रोज दोनदा सुई घेणाऱ्या मांजरीला आता त्याचं काही वाटत नव्हतं.

मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेला. खिडकीखालून छज्जा सरळ शेजारच्या बाल्कनीपर्यंत जात होता. त्या बाल्कनीत प्रिस्काने धुतलेलं पातेलं पालथं घातलं होतं.

सुंठीची डॉक्टर मर्लिन फोनवर म्हणाली होती, "काका, बाकीचे दिवस शुगर बरोबर आणि मधूनच वर, म्हणजे बाहेर कुणीतरी खायला घालतंय. भात, बिस्किटं, काहीतरी. शेजारीपाजारी जरा बघा ना."

शेजारी एकच होती. प्रिस्का ऑर्डरचे केक करायची, घरात साखरेची पिंपं. जयवंती गेली त्याला पाच महिने झाले होते. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी हीच बाई दारात उभी राहून म्हणाली होती, "भाऊ, मांजरीचं काय करनार? तुम्हाला जमायचं नाही. आमच्याकडं ठेवा पायजे तर." तेव्हा श्रीरंगला ते मायेचं वाटलं होतं. आता तो ते वाक्य उलटंपालटं करून बघत होता. 'तुम्हाला जमायचं नाही' म्हणजे काय? तिला कुणी सांगितलं?

जमत नव्हतं असं नाही. हॉस्पिटलात शेवटी जयवंती फार बोलत नव्हती. एकदाच त्याचा हात धरून म्हणाली, "अहो, सुंठीची सुई चुकवू नका." त्याने एकदाही चुकवली नव्हती. सकाळी सात, संध्याकाळी सात. वालीवच्या कंपनीत तो स्टोअर सांभाळायचा. तिथे उशीर झाला तर रिक्षाला जास्तीचे पैसे देऊन यायचा, पण सात म्हणजे सात. जयवंतीचा सोमवारही त्याने धरला होता. आयुष्यात कधी उपास न केलेला माणूस, पण तिच्यामागे तिचा सोमवार बंद पडू नये असं त्याला वाटलं. दिवसभर चहा आणि संध्याकाळी वरण-भात.

बुधवारी जिन्यात प्रिस्का भेटली. हातात मैद्याची पिशवी.

"सुंठी येते का तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"मांजर ते. कुठं कुठं जातं, त्याला कोन विचारनार?"

"सोमवारी आली होती?"

प्रिस्काने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सोमवारी, मंगळवारी, मी काय हजेरी घेते काय भाऊ?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, बाहेरचं काही खायला घालायचं नाही. जिवावर बेतेल तिच्या."

"डॉक्टर सांगतात ते बरोबर," ती म्हणाली. मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्हीच बारीक झालात. तुम्ही खाता काय?"

विषय बदलला तो तिने, हे त्याच्या लक्षात राहिलं.

शनिवारी त्याने तिच्याकडे ठेवलेली आपल्या घराची किल्ली परत मागितली. जयवंतीनेच ती कधी काळी दिली होती. प्रिस्का आत गेली, येशूच्या तसबिरीखालच्या खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि त्याच्या हातावर ठेवली. दार मात्र तिने जरा जोरात लावलं.

रविवारी त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून जाळी ठोकली. कंपनीतून आणलेली बारीक तार, चारी कोपऱ्यांना पिळून पक्की केली. सुंठी ओट्यावर बसून बघत होती. काम झाल्यावर तिने पंजाने जाळी एकदा ओढून पाहिली.

सोमवारी सकाळी त्याने पनीर कुस्करून बशीत ठेवलं. सुंठी आली, हुंगली आणि खिडकीशी जाऊन बसली.

"आज नाही," श्रीरंग म्हणाला. "आज घरचंच खायचं."

सात वाजले. भूक लागली की ती खाईल, मागच्या सोमवारीही तो असंच करून गेला होता. त्याने दोन युनिट भरली, दिली आणि कामाला गेला.

साडेनऊला त्याचा फोन वाजला. प्रिस्का. त्याने उचलला नाही. दहाला पुन्हा वाजला. अकराला दोनदा. समोरच्या टेबलावरचा भूपेश म्हणाला, "साहेब, घ्या ना. कोणीतरी फारच प्रेमात दिसतंय."

"शेजारीण आहे," श्रीरंग म्हणाला. "तिचं मांजर येत नाहीय आज, म्हणून."

ते बोलताना त्याला बरं वाटलं. मग थोड्या वेळाने बरं वाटेनासं झालं. ही बाई आता काय करेल? वॉचमनला सांगून दार उघडायला लावेल, कुणी सांगावं. साडेअकराला त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिला रंगेहाथ धरायचं असं मनाशी ठरवून तो रिक्षात बसला.

माणिकपूरला उतरून तो पावलं न वाजवता जिना चढला. कुलूप सावकाश काढलं. प्रिस्काचा आवाज येत होता, पण आतून नव्हे, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरून. "सुंठे, ए सुंठे. ऊठ गे बाय."

ती आपल्या बाल्कनीतून छज्ज्यावर अर्धी वाकून उभी होती. एका हाताने जाळी धरली होती, दुसऱ्या हातात ताटली.

सुंठी ओट्याखाली आडवी होती. मागचे पाय फाकलेले, मान डोलत होती, तोंडातून लाळ. त्याने हाक मारली तेव्हा तिने त्याच्या आवाजाच्या उलट्या बाजूला पाहिलं.

"कधीची फोन करते मी," प्रिस्का जाळीतून म्हणाली. "दार उघडा."

त्याने दार उघडं टाकलं आणि यंत्र आणलं. घाईत दोन पट्ट्या वाया गेल्या. तिसरीवर आकडा आला, एकतीस. त्याने डॉक्टरला फोन लावला.

"सकाळी खाल्लं होतं तिने?" मर्लिनने विचारलं.

"नाही."

"मग इन्सुलिन नाही ना दिलं?"

"दिलं."

"काका, साखरेचा पाक, मध, काय असेल ते हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. दहा मिनिटांनी परत चेक करा आणि लगेच इकडे घेऊन या."

मध घरात नव्हता. प्रिस्का धावत गेली आणि केकसाठी केलेल्या पाकाची बाटली घेऊन आली. ती फरशीवर बसली, मांजरीचं डोकं मांडीवर घेतलं, ओठ बोटाने बाजूला केला. श्रीरंगने पाक चोळला. बोटाला दात लागत होते, चावा नव्हता. त्याने पुन्हा चोळला.

काही मिनिटांनी सुंठीची जीभ हलली. मग ती त्याचं बोट चाटायला लागली. यंत्रावर आता अडुसष्ट. प्रिस्काने ताटलीतल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा तिच्या तोंडाशी धरला. तिने तो पडल्या पडल्याच खाल्ला, मग दुसरा, मग उठून बसली.

दवाखान्यातून परतायला दोन वाजले. संध्याकाळची सुई द्यायची नाही, आधी तपासून फोन करायचा, असं ठरलं. सुंठी पिंजऱ्यातून निघून आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेली. प्रिस्का तिच्यामागे आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. श्रीरंग स्टुलावर बसला.

"दर सोमवारी?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं. तुमच्या घरात सोमवारी मासळी नाही, आनि ही पनीर तोंडात घेत नाही. तुम्ही कामावर गेलात की जयू हिला घेऊन यायची. आधी ही खायची, मग सुई तिकडंच. जयू गेल्यावर ही आपली आपन यायची, छज्ज्यावरून."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगनार? तुम्ही किल्ली मागून घेतलीत. जाळी बघितली तेव्हा मला वाटलं..." ती थांबली.

"काय वाटलं?"

"मांजर कधी तुमचं नव्हतं भाऊ. वाटलं, तुम्हाला सुटका पायजे. सुई तर तुमच्याच हातात."

श्रीरंगने आपल्या हातांकडे पाहिलं. पाक वाळून बोटं चिकट झाली होती.

"मी दिली कारण तिने सांगितलं होतं, चुकवू नका," तो म्हणाला.

"तिला काय ठाऊक, तुम्ही पनीरवर देनार म्हनून."

"आणि भात? डॉक्टर म्हणतात, भाताशिवाय शुगर इतकी वर जात नाही. मांजरीला भात कशाला घालायचा?"

"मी नाय घालत. म्हंजे आता घालते, नाहीतर ही खात नाही. सवय जयूनं लावली." प्रिस्का हसली आणि लगेच थांबली. "माझ्या नवऱ्याचा, प्लासिडचा डबा असायचा, माझं जेवन आठलाच तयार. जयू बसायची, तिच्या ताटातला कालवलेला भात ही ओढून ओढून खायची. जयू तिला ओरडायची, आनि परत घालायची."

श्रीरंगने मान वर केली.

"तिच्या ताटातला," तो म्हणाला.

प्रिस्काने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत ठेवलं. "तिला बांगडा आवडायचा," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक नाही काय?"

त्याच्या आईच्या हयातीपासून जयवंतीने या घरात एक सोमवार मोडलेला त्याने पाहिला नव्हता. संध्याकाळी ती त्याच्यासमोर वरण-भात घेऊन बसायची आणि म्हणायची, दिवसभर पोटात काही नाही हो.

आतून काहीतरी वर आलं. ते रडू असेल असं प्रिस्काला वाटलं असावं, कारण ती एक पाऊल पुढे आली. पण तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत. मग ते थांबलं.

"तुम्ही सकाळपासून काय खाल्लं?" प्रिस्काने विचारलं.

"चहा."

"आमच्याकडं कालवण उरलंय. गरम करून आनू?"

श्रीरंगने सुंठीकडे पाहिलं. ती दारात बसून प्रिस्काच्या घराच्या दिशेने कान टवकारून होती. तो उठला, नळाखाली हात धरले, बोटांवरचा पाक जाईपर्यंत चोळले.

"आणा," तो म्हणाला. "पण भात नका आणू. मी जेवायला बसलो की ती मागायला येणार, आणि मला 'नाही' म्हणता यायचं नाही."