जाळलेला निळा

"मास्तर, पलंगावर बसू नका. गिऱ्हाईक आत आलं की दमलेला म्हातारा दिसायला नको."

"मग काय दिसायला हवं?"

"चित्रकार," चिहारू म्हणाली. ती गुडघे टेकून पांढऱ्या चादरीवर चिकटपट्टी लावत होती आणि उचलत होती. दर वेळी पट्टीवर निळसर काळी पूड येत होती. सकाळपासून ही तिसरी खेप. "किती पडतंय हे. कालपेक्षा जास्त आहे का?"

"हीटरमुळे असेल. हवा कोरडी झालीय."

"हीटर मी बंदच केलाय हो. खालून गरम हवा येतेच आहे."

मी खुर्चीवर बसलो. ओसाकातल्या त्या हॉटेलचे दोन मजले तीन दिवसांसाठी कलामेळ्याला दिलेले होते, एकेक खोली एकेका गॅलरीला. भिंतींना खिळे मारायला बंदी होती. त्यामुळे चित्रं कपाटात टांगलेली, खिडकीत टेकवलेली, उशांवर आडवी ठेवलेली. आमच्या खोलीतल्या न्हाणीघरात, कोरड्या टबात, एका कुंभार बाईंनी केलेल्या बावीस मांजरी बसल्या होत्या. माझं चित्र पलंगाच्या डोक्याशी उभं होतं, कारण साडेपाच फूट रुंदीची दुसरी जागाच नव्हती.

चिहारू कानाझावाच्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आता ती बावन्न वर्षांची आहे, स्वतःची छोटी गॅलरी चालवते, पण अजून मला मास्तरच म्हणते. मला मेळ्यात आणण्याचा हट्ट तिचाच. सत्तेचाळीस वर्षं मी चित्रं काढतोय. पोस्टकार्डाएवढी काही ओळखीच्यांनी नेली आहेत, मोठं एकही कधी गेलेलं नाही. डोळ्यांची अवस्था बघता यापुढे मोठं चित्र होईल असं वाटत नाही. हे शेवटचं एखाद्या भिंतीवर लागावं एवढी इच्छा होती. ती बोलून दाखवायचाही मला संकोच वाटे.

चित्राचं नाव 'मधलं अंतर'. त्यात अंधार आहे आणि अकरा तारे. चित्रकलेच्या शिक्षकाला तास कमी म्हणून शाळेने ग्रंथालय माझ्या गळ्यात घातलं होतं. तिथे बसून मी आकाशाविषयीची बरीच पुस्तकं वाचली. दुर्बिणीतून मात्र कधी पाहिलं नाही, कारण रांगेत मागचा माणूस खोळंबला की मला काही दिसेनासं होतं. वाचलेलं बहुतेक विसरलो. ताऱ्यांपेक्षा त्यांच्यामधली रिकामी जागा कितीतरी मोठी आहे, एवढंच मनात राहिलं. ती काढता आली की नाही, मला खरंच सांगता येणार नाही.

दुपारी एक तरुण जोडपं आलं. मुलाने बराच वेळ बघून विचारलं, "दिवा बंद केल्यावर हे चमकतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"अच्छा." दोघं मांजरी बघायला न्हाणीघरात गेली आणि एक घेऊन बाहेर आली.

त्यानंतर एक बाई आल्या, तोकिवाबाई. साठीच्या पुढच्या, राखाडी कोट, हातात मेळ्याचं पत्रक घडी करून धरलेलं. त्या पाच मिनिटं चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग पलंगाला वळसा घालून उशीच्या बाजूने वाकून बघितलं.

"यात ओळखीचं एकही नक्षत्र नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. माफ करा."

"माफी कसली. तेच बरं आहे. माझे मिस्टर मालवाहू जहाजावर होते. जुन्या पद्धतीने तारे बघून जहाजाची जागा काढायचे. ओळखीचे तारे असते तर चुका काढत बसले असते." त्या थोड्या हसल्या. "पाच वर्षं झाली, अंथरुणाला खिळलेत. दिवसभर छताकडे बघतात. मला म्हणतात, या छतासारखं वाईट आकाश मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

चिहारू अलगद पुढे आली. "घरी कुठे लावायचा विचार आहे?"

"असंच. पलंगाच्या वर, तिरकं टांगून. म्हणजे मान न वळवता दिसेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मुलाला फोन करून भिंतीचं माप विचारते. तासाभरात येते. तोवर ठेवाल?"

"ठेवतो की," चिहारू म्हणाली. बाई बाहेर पडताच तिने नावाच्या पट्टीवर विकलं गेल्याची लाल टिकली चिकटवली. तशी टिकली आजवर मी दुसऱ्यांच्याच चित्रांखाली पाहिली होती. मी उठून जवळ गेलो आणि चष्मा लावून ती पाहिली.

"मास्तर, हसा की जरा."

"तिरकं टांगणार आहेत. पलंगावर."

"मग?"

मी उशीकडे बोट दाखवलं. एवढ्या वेळात पुन्हा पूड पडली होती.

आमच्या जुन्या पद्धतीत रंग म्हणजे कुटलेला दगड. निळा दगड तव्यावर भाजला की काळपट होत जातो. माझा अंधार त्या जाळलेल्या निळ्याचा आहे. तारे शिंपल्यांच्या पांढऱ्या पुडीचे. दगड काही आपणहून कागदाला चिकटत नाही, त्याला जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस धरून ठेवतो. सरस रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून हळूहळू वितळवायचा असतो. एकदा उकळला की त्यातली धरून ठेवायची ताकद जाते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

"वर प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा बसवून देऊ," चिहारू म्हणाली.

"आत साठत राहील. वर्षभरात खाली पूड आणि वर नुसता कागद."

"मग वरून पातळ सरस फवारा. मीच बघितलंय लोकांना करताना."

"वरचा थर धरेल. खालचे सात तसेच राहतील. शिवाय हा निळा दगड तांब्याचा असतो, चिहारू. आजारी माणसाच्या श्वासात जाऊ नये."

ती खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. "मास्तर, सातवीत मी शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या चित्राची नक्कल केली होती. तुम्हाला कळलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, वर चांगले गुण दिलेत. तेव्हा बरं गप्प बसता आलं."

या टोमण्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी परत येताना आगगाडीत सुचलं, आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

"एवढं सरसाचं शास्त्र माहीत असलेला माणूस," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "सरस उकळू कसा देतो?"

तेही मी तिला सांगितलं नाही. आमच्या घरी लग्न झाल्यापासून सरस माझी बायको इसोको वितळवते. मी कागद ताणायचा, दगड भाजायचा, आणि सरस तिने बघायचा. गेली तीन वर्षं ती विसरते. आधी दिवस विसरायची, मग भाज्यांची नावं, आता कधीकधी मलाही. गेल्या हिवाळ्यात मी या चित्राला लागलो, तेव्हा ती आपणहून शेगडीपाशी येऊन बसली. मला इतकं बरं वाटलं की मी तिला बसू दिलं आणि पलीकडच्या खोलीत कागद पुसत राहिलो. आवाज आला म्हणून येऊन बघतो तर भांडं खळाखळा उकळत होतं. ती मांडीवर हात ठेवून समोर बसली होती.

"अहो, झालाय बघा," ती म्हणाली. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

नंतर गुपचूप ओतून देता आला असता. पण ती त्या दिवशी हललीच नाही. मी थर देत होतो आणि ती शेजारी बसून बघत होती. खूप दिवसांनी ती इतका वेळ माझ्याजवळ बसली होती. वाळला की दुसरा थर, मग तिसरा. दुसऱ्या दिवशीही तोच सरस, कारण ती विचारत होती, माझा सरस संपला का म्हणून. कदाचित धरेल, असंही मनाला समजावलं. अशा कदाचितला माझ्या मनात नेहमीच जागा असते.

तोकिवाबाई तासाच्या आत आल्या. मापाचा कागद हातात होता. "बसतंय," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे चार-चार बोटं जागा राहते. मिस्टरांना सांगितलं फोनवर. म्हणाले, तारे किती? मी म्हटलं, अकरा. म्हणाले, पुरेत."

चिहारूने माझ्याकडे पाहिलं नाही. ती कागदपत्रं काढत होती.

"बाई," मी म्हणालो, "त्या उशीवरून जरा हात फिरवा."

त्यांनी फिरवला आणि बोटं उजेडात धरली.

"हे चित्रातून पडलंय?"

"हो."

"नवीन आहे म्हणून?"

"नाही. पडतच राहील. सरस उकळला होता. मी उकळू दिला."

त्यांनी पर्समधून रुमाल काढून बोटं पुसली. एकेक करून, सावकाश. "लावताना तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग लावलात का?"

मी पलंगाकडे बघत राहिलो. "घरात एक माणूस आहे. त्या दिवशी त्याचं मन मोडवलं नाही."

बाईंनी मान हलवली. "माझ्याही घरात आहे एक," त्या म्हणाल्या. मापाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "आणखी थोडा वेळ बघू का?"

"बघा ना."

त्या बराच वेळ उभ्या होत्या. निघताना खाली वाकून नमस्कार केला, मीही केला. जाता जाता न्हाणीघरात डोकावल्या आणि आतून म्हणाल्या, "ही झोपलेली मांजर केवढ्याला?" चिहारूने ती मांजर कागदात गुंडाळून दिली आणि मग पलंगाजवळ येऊन नखाने लाल टिकली काढली. ती टिकली नखालाच चिकटून बसली. तिला झटकावी लागली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या मागच्या दाराशी गाडीत सामान भरलं. मांजरी दोनच उरल्या होत्या.

"पुढच्या वर्षी लहान खोली घेईन म्हणते," चिहारू म्हणाली. "मोठी चित्रं बसायची नाहीत, मास्तर."

"बरोबर आहे."

"चादरीचं हॉटेलवाल्यांना मी सांगितलंय. शाई सांडली म्हटलं." तिने गाडीचं दार लावलं. "जेवून घ्या वेळेवर. स्टेशनवर डबा चांगला मिळतो, ईलमाशाचा."

घरी पोचलो तेव्हा इसोको दारातच उभी होती. तीन दिवस सोबतीला राहिलेली तिची बहीण मागे होती. "आज शाळा लवकर सुटली?" इसोको म्हणाली. मी हो म्हणालो.

दोन दिवसांनी चित्र घरी आलं. सकाळी मी ते मागच्या अंगणात आडवं ठेवलं, कोमट पाणी ओतलं आणि रुंद ब्रशने धुवायला लागलो. चांगल्या सरसाचं चित्र असतं तर दिवस गेला असता. हे अर्ध्या तासात सुटलं. पाणी काळं झालं, मग कोपऱ्यातून निळं दिसायला लागलं. ते सगळं मी परातीत धरलं. दगड जड, तो तळाशी बसतो आणि पुन्हा वापरता येतो. शिंपल्याची पूड हलकी, ती वरच तरंगत राहते. वरचं पांढुरकं पाणी मी नालीत ओतलं. त्यात अकराही तारे गेले. तळाचं काळं मी पाच बशांमध्ये काढलं आणि व्हरांड्यात उन्हात वाळत ठेवलं.

इसोको मागे येऊन उभी होती. "मी काय करू?" तिने विचारलं.

मी तिला उशी आणून दिली आणि बशांपाशी बसवलं. वाळली की पूड वाऱ्याने उडते, तेवढं लक्ष ठेव, म्हणालो. दिवस अगदी स्तब्ध होता, झाडाचं पानही हलत नव्हतं. ती दुपारभर तिथेच बसली. मधूनमधून एका बशीवर हाताचा आडोसा करायची, थोड्या वेळाने हात उचलून दुसऱ्या बशीवर धरायची.