शेपटीवाल्या कंगव्याची करणी

मित्रांनो, मी एक जुना शेपटीवाला कंगवा आहे. एका बाजूला दात आणि दुसऱ्या बाजूला भांग पाडायला लांब, टोकदार शेपटी. कारखान्यात माझ्यासारखे हजारो तयार झाले, पण माझ्या शेपटीची करणी त्यांना जमली नसेल.

मला विकत घेतले चिमणीने. केस कापायच्या दुकानात सगळे तिला याच नावाने हाक मारत. दिवसभर ती गिऱ्हाइकांचे केस धुवायची. मालकीणबाईंना सगळ्या मॅडम म्हणत. त्यांनी तिला शब्द दिला होता, "उन्हाळा संपला की खिडकीजवळची खुर्ची तुझी. मग धुणं बंद, कापायला लाग." त्या खुर्चीच्या आशेवरच तिने मला घेतले.

पण खुर्चीआधी हातांना इसब झाले. शांपूच्या फेसाने बोटांच्या बेचक्या लाल झाल्या, मग फुटल्या. खाज सुटली की ती पाठ फिरवून माझी शेपटी बेचकीत घासायची आणि सुखाने डोळे मिटायची. तिचे औषध मीच, असे मला वाटे. साल निघाली तरी माझा तोरा उतरत नसे.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिले. आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालायला सांगितले. "नखं काप आणि खाजवू नकोस गं," असेही बजावले. नखे तिने कापली. माझी त्यांना काय कल्पना! हातमोज्यांत केस नीट कळत नाहीत म्हणून तिने ते खुंटीला टांगले. चिकट हातांनी गिऱ्हाईक कुरकुरेल म्हणून मलम लावून पाच मिनिटांत धुऊन टाकी, आणि वर म्हणे, "कसलं मेलं औषध, काडीचा गुण नाही."

एका शनिवारी दुकानात नेहमी येणाऱ्या एका बाईंच्या पांढऱ्या टॉवेलवर तिच्या बोटातले रक्त पडले.

"अगंबाई! हे मला झालं म्हणजे?" बाई ओरडल्या.

"नाही हो, इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही," चिमणी म्हणाली.

मॅडमनी तिला मागच्या खोलीत नेले. "लागत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकांची शाळा घेत बसू का मी? उद्यापासून येऊ नकोस."

खिडकीजवळची खुर्ची मॅडमच्या भाचीला मिळाली.

घरी शांपू नव्हता. मलम हातावर टिकले. दोन महिन्यांत कातडी भरून आली.

"बघ, झाले की नाही हात बरे?" आई म्हणाली.

"रिकामे आहेत ना, होणारच," चिमणी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

आता तिला दुसऱ्या दुकानात काम मिळाले आहे. तिथेही आधी केस धुवायचेच. आज सकाळी आईने पिशवीत मलम आणि दोन्ही हातमोजे आठवणीने घातले. मग मला उचलले. "हा जुना कंगवा कशाला?"

"असू दे गं, भांगाला लागतो."

आईने मला पुसून पिशवीत ठेवले. मला केवढा आनंद झाला!

मित्रांनो, असा आनंद होणाऱ्यांना जवळ ठेवू नका. तुमच्या घरी कोणाला असे इसब असेल तर मलम अंगावर राहू द्या, हातमोजे खुंटीवरून काढून हाती द्या, आणि ती माणसे खाजवतात कशाने तेही शोधा. माझी शेपटी अगदी बारीक आहे. आईला कळले असते, तर तिने ती दोन बोटांनी मोडली असती.