शेख मुनीरचं पाणी आणि बाबागाडीतली बॅटरी

त्या दुपारी मीना या बंदरवस्तीतल्या गल्लीत माणसांपेक्षा बॅटऱ्याच जास्त होत्या. कुणाची हातगाडीवर, कुणाची खांद्यावर, एक तर चक्क व्हीलचेअरवर. इब्तिसामची बॅटरी यज़नच्या जुन्या बाबागाडीत होती आणि चाकं रडत होती. तिचा चार वर्षांचा लेक यज़न तिच्या झग्याला धरून उभा होता.

सरकारी वीज दिवसाला दोन तास, गल्लीच्या जनरेटरची आठ. मधल्या वेळात यज़नला धाप लागली, तर औषधाच्या वाफेचं यंत्र चालायचं ते या बॅटरीवर. परवा ते पाचच मिनिटांत बंद पडलं. लेकराच्या छातीतली ती शिट्टी इब्तिसामच्या कानातून अजून गेली नव्हती.

"सुनबाई, पुढे सरक," सासू म्हणाली. "शेजारच्या उम्म फ़वाज़ची बॅटरी कालच जिवंत झाली."

"आत्या, तिच्या बॅटरीवर घरात काय चाललं?"

"व्होल्टचं मीटर चाललं ना! अजून काय हवं?"

भिंतीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत शेख मुनीर बसला होता. दोन वर्षांपूर्वी हाच मोबाइलची कव्हरं विकायचा. आता दाढी वाढली होती आणि तिच्या मापाने कृपाही.

"बॅटरी मरत नाही, लेकरांनो, रुसते!" तो किटली हलवत होता. "घरात भांडण झालं की आधी तीच रुसते. वली-संतांच्या झऱ्याचा एक घोट, की उठलीच! जी उठणार नाही ती पापाची; घरी नेऊ नका, इथेच टाका."

अशा पापी बॅटऱ्यांचा ढीग दर गुरुवारी भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायचा. आतल्या शिशाला पाप लागत नाही.

हाज्जी रुश्दी मासेवाल्याची बॅटरी सकाळपासून पडद्यामागे 'जपाला' होती. ती बाहेर आली. शेखने सहा झाकणं उघडून पाणी ओतलं, मीटर लावलं: बारा पॉइंट आठ! इवलासा एलईडी दिवा लखलखला. बायकांनी हर्षाच्या किलकाऱ्या केल्या. हाज्जी शेखच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला.

"थांबा हो, हाज्जी!"

आवाज विदादबाईंचा होता. इब्तिसामच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेलं. हातात गाडीच्या हेडलाइटचा बल्ब आणि दोन वायरी.

"हा लावून बघू."

"तीन दिवस भार नको!" शेख उठलाच. "कृपा मुरू दे!"

"कृपा म्हणजे काय लोणचं आहे?"

गल्ली हसली. हाज्जीने स्वतःच वायरी टेकवल्या. बल्ब पेटला, पिवळा पडला, लाल झाला. बाईंनी अकरा मोजेपर्यंत विझला. मीटर दोनावर.

मग बाईंनी पडदा बाजूला केला. मागे चार्जर घुमत होता. वायर जनरेटरला.

"हाच जप! चार्जरवरून नुकती काढलेली बॅटरी मेलेली असली तरी मीटरला भरलेली दिसते. एलईडी दिवा पितो थेंबभर, त्याला काय कळणार? खरं बळ ओझ्याखाली दिसतं. आणि हे पाणी!" त्यांनी किटलीच्या आतला पांढरा खरपुडा नखाने काढून दाखवला. "हे क्षार आता तुमच्या बॅटरीतल्या प्लेटांवर बसणार, हाज्जी."

"श्रद्धा नाही तुझ्याकडे, बाई!" शेख ओरडला.

"तुझ्याकडे आहे ना? मग या पोराचं यंत्र तुझ्या बॅटरीवर लाव. दहा मिनिटं."

शेखने घाईने पडदा ओढून घेतला. यज़न त्याच्याकडे टक लावून बघत होता. इब्तिसामने बाबागाडी वळवली.

"अगं, नंबर जाईल!" सासू म्हणाली.

"जाऊ दे, आत्या. श्वास जायला नको."

घरी बाईंनी तिच्या बॅटरीची झाकणं उघडली. पाणी खाली गेलं होतं, प्लेटांची टोकं उघडी. "हिला कुणी पाणीच पाजलं नाही गं. दर महिन्याला बघायचं. फक्त डिस्टिल्ड वॉटर, प्लेटा बुडतील इतकंच. चार्ज निम्म्याच्या खाली उतरू द्यायचा नाही. आणि नवी घेशील तेव्हा गाडीची नको, घरच्या वापराची, जाड प्लेटांची घे."

ते पाणी घालून बॅटरी रात्री जनरेटर होता तोवर चार्ज केली. दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर थांबला आणि इब्तिसामने यंत्र लावलं. सासू घड्याळ घेऊन बसली. दहा मिनिटं. वीस. यज़न मास्कमधून हत्तीचा आवाज काढत होता.

"चाललं की गं," सासू पुटपुटली. "उम्म फ़वाज़ला सांगून येते."

"काय सांगाल?"

सासू दारात थांबली. "मीटर नको बघू म्हणावं. यंत्र लावून बघ."

एवढंच सांगायचं, प्रत्येक दारात. परीक्षेला जो चमत्कार तीन दिवसांची मुदत मागतो, त्याच्या हाती लेकराचा श्वास देऊ नका.