हैद्राबादला न पोचणारी सोंगटी

“पीठ काय त्या सोंगट्या मळणार हायेत?”

झुंबरबाईंनी परात ओसरीवर दणकन ठेवली. वाजली चांगली, पण इंद्रायणीनं मान वर केली नाही. एक गुडघा पोटाशी घेऊन ती पटावर वाकली होती, वेणी कालचीच होती, आणि मुठीतल्या कवड्या अशा खुळखुळवत होती की घरात दुसरं काही कामच उरलं नसावं.

“एवढा डाव, माय.”

“सकाळधरनं एवढा डावच चालू हाय. पंचमीला लोकाच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, आईच्या हाताखाली चार कामं करतात. आमची आली ती आगगाडीत जाऊन बसली.”

समोर बसलेली सून साळूबाई पदराआड हसली. आगगाडी म्हणजे तो पट. झुंबरबाईंच्या लेकानं, राधाकिसननं, मांजरपाटावर शाईनं काढलेला. सरकीच्या खरेदीपायी राधाकिसनचं अर्धं आयुष्य निजामाच्या गाडीत जायचं. डब्यात कंटाळलेली माणसं बघून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. जालन्याच्या ठेसनावरून निघायचं, कवड्यांचं दान पडेल तेवढी घरं सरकायचं, परतूर, सेलू, परभणी, नांदेड करत हैद्राबाद गाठायचं. प्रत्येकाच्या दोन सोंगट्या. दोन्ही पोचल्या की तो सुटला. पूर्णेला गाडी चुकली तर एक पाळी बसून राहायचं. नांदेडला गोदावरीत बुडी मारली की दोन घरं पुढं. आणि परभणीच्या अलीकडं एक घर काळं केलेलं होतं. तिथं तिकीट हरवायचं. सोंगटी त्यात पडली की थेट जालन्याला परत.

ठेसनांची नावं त्यानं उर्दूतही लिहवून घेतली होती, म्हणजे तिकडंही खपेल. उद्याच्या गाडीनं तो पट घेऊन हैद्राबादच्या एका छापखान्यात जाणार होता. मग जत्रा, उरूस, ठेसनं, जिथं माणूस वाट बघत बसतो तिथं विकायचा. “माझा लेक नवा धंदा काढून राह्यला,” असं झुंबरबाई जालन्यातल्या त्यांच्या मस्तगड मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत. कसला, ते मात्र सांगत नसत.

“हिच्यापायी डाव संपतच न्हाई, माय,” राधाकिसन खांबाला टेकून म्हणाला. “मी पोचलो, साळू पोचत आली, हिची एक सोंगटी अजून परभणीच्या अलीकडंच. उद्या घेणारा म्हणल, बिलकुल पुढं सरकत न्हाई, कसला खेळ हा?”

“माझं नशीब, दादा,” इंद्रायणी म्हणाली आणि हसली.

झुंबरबाईंचा पिठातला हात जरा थांबला. लहानपणी ही पोर हरली की सागरगोटे उकिरड्यावर भिरकावून द्यायची आणि जेवायला यायची नाही. हरून हसणं तिनं कुठं शिकलं, कोण जाणे. सासरी शिकली असेल. शिकवतात तिथं बरंच.

सासरहून, धावड्याहून, ती आली त्या दिवशी चुलीपुढं बसून म्हणाली होती, “माय, औंदा जरा जास्ती दिवस राहू का?”

“जास्ती दिवस टाकलेल्या राहतात,” झुंबरबाई म्हणाल्या होत्या. “तुला टाकलं का कोणी?”

 परत तिनं तो विषय काढला नव्हता. झुंबरबाईंना वाटलं होतं, समजली.

बाहेर बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजले आणि छकडा दारात थांबला. इंद्रायणीचा धाकटा दीर भुजंग आत आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. भोकरदनला मुक्काम करून आला होता.

“या पाव्हणं. इतक्या जल्दी? पोळ्याला अजून अवकाश हाय.”

“आबांनी धाडलं, मावशी.” आबा म्हणजे इंद्रायणीचे सासरे.

इंद्रायणी उठली होती. पाण्याचा तांब्या भरून तिनं त्याच्यापुढं आणला. भुजंगनं हात पुढं केला नाही. तिनंही त्याची वाट बघितली नाही. तांब्या खाली ठेवून ती दोन पावलं मागं सरली, मग त्यानं वाकून तो उचलला. दोघांनाही त्याची सवय झालेली दिसत होती.

“उद्या पहाटं निघायचंय,” भुजंग खांबाकडं बघत म्हणाला. “त्यांना सांगा मावशी, गाठोडं बांधून ठेवा म्हणावं.”

‘त्या’ हातभर अंतरावर उभ्या होत्या.

“काय हो, भावजयीवर रुसला का काय?” झुंबरबाई म्हणाल्या. “आमच्यात दीर-भावजय एका जागी आले की थट्टेनं घर डोक्यावर घेतात. तुम्ही तर खांबासंगं बोलून राह्यला.”

“तसं न्हाई मावशी.”

“मंग कसं?”

भुजंगनं तांब्या तोंडाला लावला. पाणी संपलं तरी तो बराच वेळ तसाच धरून राहिला.

“आबांनी बंद केलंय घरात.”

“काय बंद केलंय?”

“बोलणं.”

साळूबाईच्या हातातल्या कवड्या पटावर पडल्या. कोणी दान बघितलं नाही.

“कशापायी?”

“पाळणा हलला म्हणजे बोलू, म्हणले. गेल्या पोळ्यापासनं.” भुजंगची मान आणखी खाली गेली. “माय बी न्हाई बोलत. दादा बी न्हाई. मी एकदा बोललो, तर मला दोन दिवस गोठ्यात जेवाय वाढलं.”

राधाकिसन खांबापासून सुटून सरळ उभा राहिला. “अन् उद्या न्हाई पाठवली तर?”

“मंग आबा दादाचं दुसरं लगीन लावतेल. जाफराबादची पोरगी बघून ठेवली हाय. मला एवढंच सांगाय लावलं हो. माझ्यावर राग धरू नका.”

झुंबरबाईंनी लेकीकडं बघितलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. आपलं गुपित दुसऱ्यानं बोलून टाकलं म्हणून ती ना रडली, ना हलली. पदर सारखा करून पुन्हा पटापाशी जाऊन बसली, जसं काही मधे कोणी आलंच नव्हतं.

“माझी पाळी हाय ना, वहिनी?”

साळूबाईनं नुसती मान हलवली.

 काहीतरी करायचं म्हणून राधाकिसननं कोनाड्यातली दौत आणि बोरू काढला आणि पटाशी उकिडवा बसला. आवाज मात्र फाटलेला निघाला. “ते काळं घर मी पुसूनच टाकतो. तिथं नांदेडसारखं काहीतरी चांगलं लिहू. लोकाला पुढं जायला आवडतं.”

बोरू टेकायच्या आत इंद्रायणीचा पंजा त्या घरावर पडला.

“राहू दे, दादा.”

“अगं, तुझ्याच तर सोंगट्या...”

“आजच्या दिवस राहू दे.”

त्यानं बोरू मागं घेतला. इंद्रायणीनं कवड्या उडवल्या. चार उताण्या पडल्या, म्हणजे चार घरं.

झुंबरबाईंनी आतापर्यंत त्या पटाकडं कधी नीट बघितलं नव्हतं. आता बघत होत्या. लेकीची एक सोंगटी पार नांदेडच्या पुढं गेली होती; चार घरं सरकली की हैद्राबादच. इंद्रायणीचं बोट तिच्याकडं गेलंच नाही. तिनं मागची सोंगटी उचलली, काळ्या घराच्या तीन घरं अलीकडची. एक, दोन, असं ती ओठांत पुटपुटत होती. दुसऱ्या घरावर बोट दोनदा टेकलं. एवढं हलकं, की समोर बसलेल्या साळूबाईला कळलं नाही. जो हरून राह्यला, त्याची मोजणी कोण तपासतं? मग एक घर, आणि सोंगटी काळ्यात.

“गेलं तिकीट,” ती म्हणाली. कोणी सांगायच्या आत तिनं स्वतःच सोंगटी उचलून जालन्याच्या घरात ठेवली. ठेवून झाल्यावरही बोट तिच्यावरच राहिलं.

झुंबरबाईंच्या दोन्ही हातांना पीठ चिकटलेलं होतं. त्यांचे दीर, भाऊ, शेजारणी, सगळे खेळात लबाड्या करत आले होते, आणि प्रत्येकाची त्यांनी भर डावात इज्जत काढली होती. जिंकायसाठी करत होते सगळे. परातीच्या काठावर बोटं निरपत त्या दाराबाहेर बघू लागल्या. बाहेर बैल शेपटीनं माश्या हाकत होते. पलीकडच्या आडावर बायांची पाणी भरायची वेळ झाली होती. उद्या हा छकडा रिकामा गेला तर पहिलं बोलणं तिथंच निघणार होतं, आणि निघेल तो शब्द झुंबरबाईंना चांगला ठाऊक होता. चुलीपुढं त्यांच्याच तोंडून निघाला होता तो.

“मंग मावशी,” भुजंग चाचरत म्हणाला, “आबांना काय सांगू?”

“तुम्ही आधी पाय धुवा. जेवा.” झुंबरबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकावा लागला तेव्हा साळूबाई पुढं झाली, तिला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. हात धुतले, पदराला पुसले आणि पटापाशी येऊन उभ्या राहिल्या. इंद्रायणी पटातच बघत होती. तिची मान थोडी आत गेली, मार चुकवावा तशी.

“इंदे, एक घर दोनदा मोजलंस तू. मी बघितलं.”

इंद्रायणीच्या हातातल्या कवड्या आवाज न करता मांडीत पडल्या.

“झुंबरबाईची लेक खोटं मोजते, असं उद्या सगळ्या धावड्यानं म्हणायचं का? पाव्हणं एकलेच जातेल. तुला मोजणं बराबर शिकवल्याबिगर मी कुठं पाठवत न्हाई. अन् माझं शिकवणं लई हळू असतं.”