गिलटाच्या दोन बांगड्या

गोदावरीच्या पात्रात टरबुजाची वाडी करणाऱ्या मदिनाबीला नसत्या चौकशा फार. वाळू उपशाची पाहणी करायला गेवराईहून आलेली राजनंदिनी वाळूत लोखंडी गज ठोकताना दिसली, तशी ती हातातलं खुरपं टाकून तिच्यापाशी जाऊन बसली.

"कावून ठोकती गं?"

"चाची, उपसलेली वाळू नदी कुठं परत भरते ते बघायचंय. जिथं भरते तिथूनच उपसा करा, असं अहवालात लिहिणार."

गजात कडी अडकवायची. पुरात वाळू वाहून गेली की कडी खाली घसरणार आणि नवी वाळू तिच्यावर साचणार. कडी जितकी खोल सापडेल, तितकी वाळू परत भरली. पण एवढी शिकलेली पोर कड्याच घरी विसरून आली होती. मदिनाबीनं हातातल्या गिलटाच्या दोन बांगड्या काढून दिल्या. एक गावच्या विहिरीजवळच्या गजात गेली, दुसरी तिच्या वाडीतल्या.

तिचा लेक सद्दाम विहिरीजवळूनच ट्रॅक्टरनं वाळू न्यायचा. उपसा बंद झाला तर त्याचं काम जाणार, तसाच चालला तर विहीर आटणार. मदिनाबीला दोन्हींचा घोर होता. पण खरं सांगायचं तर पावसाळाभर तिचा जीव अडकला होता बांगड्यांत.

पूर ओसरल्यावर तिघं पात्रात उतरली. विहिरीजवळचा, वीतभरच वर ठेवलेला गज आता कमरेएवढा उघडा पडला होता. चार बोटं उकरताच बांगडी हाती लागली.

"इथली वाळू गेली ती गेलीच," म्हणत राजनंदिनी विसरलेली वही आणायला काठावर गेली.

वाडीत मदिनाबीनं स्वतःच उकरलं. कोपर बुडलं, खांदा टेकला, तेव्हा कुठं बोटांना गिलट लागलं. ती खुदकन हसली. मग या सापडण्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला: वाळू भरते ती इथंच, म्हणजे उपसाही इथंच होणार.

"अम्मी, कोपरापर्यंतच सांग," सद्दाम हळूच म्हणाला. "तुझी वाडी जाईल. मी दुसरं काम बघतो."

पोराच्या मायेनं तिला भरून आलं. वीस वर्षं तिनं याच वाळूत बी टोकलं होतं.

"किती खोल, चाची?" राजनंदिनी वही उघडत आली.

"खांद्यापर्यंत. लिही. वाळू हितनं न्या, विहिरीपाशी हात लावू नका."

लिहिता लिहिता राजनंदिनी थांबली. "आणि तुमची वाडी?"

मदिनाबीनं बांगडी पदराला पुसून सद्दामच्या हातात दिली.

"पहिली खेप तूच भर. दुसऱ्यानं नेलेली मला बघवायची न्हाई." मग ती पलीकडच्या काठाकडं बघत राहिली. "तिकडं वाडीपुरती वाळू बसती का गं? गज हाय का अजून एक?"