पुलाला नाव

“आर्मांड, तुझं नाव मतदारयादीत नाही. गावसभेची परवानगी मिळाल्याशिवाय तुला बोलता येणार नाही,” सभेच्या अध्यक्ष हॅरिएट पाइक म्हणाल्या. “वॉशिंग्टनात तू सिनेटरांना तासनतास बाहेर बसवायचास म्हणे. मग आता दोन मिनिटं बस.”

शाळेच्या व्यायामशाळेत हशा पिकला. आर्मांड लेवेकही हसले आणि भिंतीलगतच्या, बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसले. न्यू हॅम्पशरमधल्या या गावात ते लहानाचे मोठे झाले, इथल्याच नदीवर त्यांनी तरुणपणी इंजिनिअर म्हणून धरण बांधलं. पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले, नंतर राष्ट्राध्यक्षांचा उजवा हात. तिकडे गेल्यावर त्यांनी मतदारयादीतलं नावही तिकडेच हलवलं. ते परत आणायचं मात्र राहूनच गेलं.

मार्चच्या या सभेपुढे नववा ठराव होता : नव्या पुलाला आर्मांड लेवेक यांचं नाव द्यावं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आभार मानायला आला आहे.

परवानगीसाठी हॅरिएटबाईंनी मत मागितलं. पिवळी कार्डं वर झाली. तिसऱ्या रांगेतल्या गेल टटलनं आपलं कार्ड जरा उशिरानं उचललं. आर्मांडनी तेवढंच पाहिलं. गेल ही ऑरिनची मुलगी, आणि ऑरिन त्या धरणाची दारं सांभाळायचा.

आर्मांड उभे राहिले. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“पुलाला माझं नाव देऊ नका,” ते म्हणाले. “पूर आला तेव्हा मिल स्ट्रीटवरची चार घरं गेली. चौकशी समितीनं ठरवलं, ऑरिननं तिसरं दार उशिरा उचललं. त्याची नोकरी गेली. पण दार कधी उचलायचं, याचा तक्ता मी करून दिला होता. पाणी बारा फुटांवर आल्याशिवाय तिसऱ्या दाराला हात लावायचा नाही, असं त्यात होतं. ऑरिननं तेच केलं.”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. ऑरिनचं पत्र त्यांना वॉशिंग्टनला मिळालं होतं. त्यानं काही मागितलं नव्हतं, हिशेब एकदा तपासून पाहा एवढंच लिहिलं होतं. आर्मांडनी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडेमोड केली. दहा मिनिटंही लागली नाहीत. दार साडेनऊ फुटांवरच उचलायला हवं होतं. तेव्हा निवडणूक तोंडावर होती, आणि त्यांच्या चुकीची झळ राष्ट्राध्यक्षांना लागली असती. त्यांनी कचेरीतून दोन ओळींचं छापील उत्तर पाठवायला सांगितलं. निवडणूक झाल्यावर लिहू, असं ठरवलं. मग दुसरं काही निघालं, मग तिसरं. ऑरिन जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती.



गेल बसूनच बोलली. “बाबांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः मोजून पाहिलं होतं. आई चिडायची, वर्तमानपत्राकडे जा म्हणायची. बाबा म्हणायचे, आर्मांड हुशार आहे, त्याला कळलं असणार. सवड झाली की सांगेल तो.”



नववा ठराव ज्यानं मांडला होता त्यानंच तो मागे घेतला. हॅरिएटबाईंनी गेलला विचारलं, मग पुलाला तुझ्या बाबांचं नाव द्यायचं का? गेलनं नकारार्थी मान हलवली.

“नाव कशाला? हे आत्ता बोलले ना, ते सभेच्या इतिवृत्तात येऊ दे. तेवढं पुरे.”

गावाची कारकून वहीत लिहायला सरसावली. पुराच्या वेळी तिचा तर जन्मही झाला नव्हता. “जरा सावकाश सांगा हं, गव्हर्नरसाहेब,” ती म्हणाली.

“ऑरिन टटल यानं धरणाचं दार दिलेल्या तक्त्याप्रमाणे वेळेवर उचललं,” आर्मांड एकेक शब्द सोडत म्हणाले. “तक्ता चुकला होता. तो माझा होता.”

“आणि पुराची तारीख?”

पाणी किती फूट चढलं होतं, ते त्यांना आठवत होतं. दारांची रुंदी आठवत होती. तारीख मात्र काही केल्या आठवेना. कारकून पेन धरून थांबली.

“अकरा एप्रिल,” मागून गेल म्हणाली. “शनिवार होता.”

कारकूनबाईनं लिहून घेतलं. तिचं लिहून होईपर्यंत आर्मांड उभेच राहिले.