हरभऱ्याचे शेंडे

रेणुकाने हरभऱ्याची भाजी शेजारच्या सोजराबाईंच्या रानातून न विचारता खुडून आणली होती. खटकचिंचोळी गावात तिचं स्वतःचं रान नव्हतं, आणि थंडीतले हरभऱ्याचे कोवळे, आंबूस शेंडे बघून तिला राहवलं नाही. तिने लसणाची फोडणी दिली, वर शेंगदाण्याचं कूट घातलं आणि गरम भाकरीबरोबर पहिला घास घेतला. जीव तृप्त झाला.

तेवढ्यात सोजराबाईच दारात आल्या. त्यांचे हात ओरबाडले होते.

"सुई हाय का गं? हातात काटा रुतलाय. रानात हरणं शिरलीत, शेंडे खाऊन गेलीत. सकाळधरनं बाभळीचं कुंपण घालायलेय."

रेणुकाने सुई दिली. काटा निघाल्यावर सोजराबाईंना भाजीचा वास आला. "वाढ की मलाबी."

त्या मन लावून जेवल्या. "लई ग्वाड झालीय. कुणाच्या रानातली?"

रेणुकाने हातातला घास खाली ठेवला. "तुमच्याच, अक्का. हरणं आली न्हाईत. म्याच खुडली."

सोजराबाईंचा हात ताटात थांबला. "मग मागितली कामून न्हाईस? म्या न्हाई म्हणले असते व्हय?"

उरलेली भाकरी संपवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रेणुका न बोलावता त्यांच्या रानात खुरपायला गेली. सोजराबाईंनी एक खुरपं तिच्याकडे सरकवलं. दुपारपर्यंत दोघी एकाच ओळीत बसून होत्या, पण मान वर करायचा धीर रेणुकाला झाला नाही.